मैदानावर शिंपडलेलं पाणी कुणाचं? ‘आयपीएल’च्या 2016 च्या धड्यातून मेहकरच्या स्पर्धांनी काय घ्यावं

मेहकर : सोयाबीन निघालं, तूर उभी असली, की तालुक्यात स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. डोणगाव, जानेफळ, देऊळगाव माळीपासून मेहकर शहरापर्यंत कुठे टेनिस बॉल क्रिकेट, कुठे कबड्डी, कुठे कुस्त्यांची दंगल. हा हंगाम लांबत लांबत कधी कधी एप्रिल-मेपर्यंत जातो. तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि मैदानावरची धूळ बसवायला पाण्याचा टँकर बोलवावा लागतो.

मोठ्या क्रीडास्पर्धा पर्यावरणाला कमी त्रास देऊन कशा भरवायच्या, यावर सध्या जगभर बोललं जातं. ऑलिम्पिक, फुटबॉलचा विश्वचषक यांची चर्चा आपल्यापासून फार लांबची वाटते. पण या विषयावर भारतात सगळ्यात गाजलेलं प्रकरण घडलं ते महाराष्ट्रात, तेही पाण्यावरून. त्यातले तीन सामने आपल्या विदर्भातले, नागपूरचे होते. त्या प्रकरणातून निघालेला हिशेब गावातल्या स्पर्धेलाही जसाच्या तसा लागू पडतो.

2016 मध्ये नेमकं काय झालं होतं?

2016 चा उन्हाळा महाराष्ट्राला चांगलाच आठवतो. सलग दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावं लागलं. 12 एप्रिल 2016 ला पहिली गाडी लातुरात पोहोचली. दहा वाघिणी आणि त्यांत मिळून सुमारे 5 लाख लिटर पाणी.

त्याच दिवसांत आयपीएल सुरू झालं होतं. मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणच्या मैदानांसाठी सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा न्यायालयापुढे आला. ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. लोक घोटभर पाण्यासाठी वणवण करत असताना हिरवळीवर पाणी ओतायचं का, एवढा साधा त्यांचा प्रश्न होता.

9 एप्रिलचा उद्घाटनाचा सामना न्यायालयाने वानखेडेवर होऊ दिला. मात्र 13 एप्रिलला, म्हणजे लातूरला पाण्याची गाडी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्या. विद्यासागर कानडे आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. 13 सामने या आदेशाच्या कक्षेत आले. 1 मेच्या पुण्याच्या सामन्याला नंतर तेवढ्यापुरती सूट मिळाली. मुंबई आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, पण तिथेही दिलासा मिळाला नाही. नागपूरच्या जामठा मैदानावरचे पंजाब संघाचे सामने मोहालीला गेले, पुणे आणि मुंबईच्या संघांनी विशाखापट्टणम गाठलं आणि मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळुरूत झाला.

60 लाख लिटर म्हणजे किती?

या आकड्याकडे दोन बाजूंनी बघता येतं, आणि दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मुद्दा कळत नाही.

पहिली बाजू अशी. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 55 लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. त्या हिशेबाने 60 लाख लिटर म्हणजे एक लाखापेक्षा जास्त माणसांची एका दिवसाची गरज. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीसारख्या बारा गाड्या भरतील एवढं हे पाणी.

दुसरी बाजू क्रिकेटवाल्यांच्या सोयीची होती. एक हेक्टर उसाला वर्षभरात साधारण दोन कोटी लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे आयपीएलचं सगळं पाणी मिळून एक हेक्टर उसाच्या एक तृतीयांशही होत नाही. एवढ्याशा पाण्याने दुष्काळ हटणार होता का? नव्हता.

मग न्यायालयाचा निर्णय चुकला का? तसंही म्हणता येत नाही. प्रश्न पाणी किती यापेक्षा पाणी कोणतं, कुठलं आणि कोणत्या दिवसांत, हा होता. टंचाईत पाण्याचा पहिला मान पिण्याला असतो. हा क्रम पाळला गेला नाही, तर आकडा कितीही लहान असो, लोकांच्या मनातून ती स्पर्धा उतरते. गावातही हेच होतं. नळाला आठ-दहा दिवस पाणी नाही आणि मैदानावर मात्र टँकर उभा, हे चित्र दिसलं की ‘कितीसं पाणी लागतं’ हे उत्तर बायामाणसांना पटत नाही.

उत्तर होतं, पण उशिरा सुचलं

त्या सुनावणीत क्रिकेट मंडळाने शेवटी सांगितलं, की मैदानांसाठी मुंबईच्या रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू. दुष्काळासाठी मदतनिधी देण्याची तयारीही दाखवली. हाच आराखडा स्पर्धेच्या चार महिने आधी तयार असता, तर कदाचित सामने हलवावे लागले नसते. स्पर्धा सुरू झाल्यावर धावाधाव केली, म्हणून त्या उपायावर कुणाचा भरवसा बसला नाही.

सांडपाणी शुद्ध करून वापरणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध होऊन नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. त्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 13 कोटी लिटर आहे. वीज केंद्राला जे पाणी चालतं, ते गवताला का चालू नये? बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाने तर 2015 मध्येच छतावर सुमारे 400 किलोवॉटचे सौर पॅनल बसवले, पावसाचं पाणी साठवण्याची आणि सांडपाणी शुद्ध करण्याची सोयही केली. 2016 चा अंतिम सामना तिथे गेला हा योगायोग असेल, पण तयारीचा फरक त्यातून दिसतो.

जगात काय चाललंय?

मोठ्या स्पर्धांचा पर्यावरणावर पडणारा भार तीन ठिकाणांहून येतो. नवी बांधकामं, लोकांचा प्रवास, आणि प्रत्यक्ष स्पर्धेतली वीज, पाणी, जेवण व कचरा.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकने बांधकामाला हात घातला. 95 टक्के ठिकाणं आधीपासून असलेली किंवा तात्पुरती उभारलेली वापरली. लंडन 2012 आणि रिओ 2016 च्या सरासरीपेक्षा निम्म्याहून कमी कार्बन उत्सर्जन झालं, असं आयोजकांनी स्पर्धेनंतर जाहीर केलं. सर्वात मोठा वाटा उरला तो प्रवासाचा. जगभरातून विमानाने येणारे प्रेक्षक कमी करणं त्यांनाही जमलं नाही.

टोकियोने पदकांसाठी देशभरातून जुने मोबाइल आणि विजेची उपकरणं गोळा केली. सुमारे 79 हजार टन भंगार आणि 62 लाख मोबाइल जमले. त्यातून निघालेल्या सोनं, चांदी, तांब्यातून सगळी पदकं घडली.

कतारच्या 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात 974 कंटेनर वापरून सुटं करता येईल असं मैदान बांधलं. पण संपूर्ण स्पर्धा ‘कार्बन न्यूट्रल’ आहे, हा ‘फिफा’चा दावा अंगाशी आला. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या आयोगाने जून 2023 मध्ये तो दावा सिद्ध न झालेला आणि दिशाभूल करणारा ठरवला. फलकावर ‘हरित स्पर्धा’ लिहिणं सोपं आहे, हिशेब दाखवणं अवघड.

आता आपल्या मैदानाचा हिशेब

मेहकरच्या स्पर्धेत नवं स्टेडियम बांधायचं नसतं, कुणी विमानाने येत नाही. म्हणजे सर्वात मोठा खर्च आपोआप वाचतो. उरतात पाणी, प्रवास, उजेड आणि कचरा. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशेब कुणालाही वहीवर करून बघता येईल.

*पाणी :* एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. 50 मीटर त्रिज्येच्या क्रिकेट मैदानाचं क्षेत्रफळ सुमारे 7,850 चौरस मीटर भरतं. धूळ बसवायला त्यावर 3 मिलिमीटर पाणी मारलं, तर साडेतेवीस हजार लिटर लागतात. म्हणजे 5 हजार लिटरचे जवळपास पाच टँकर, एका वेळेला. तेच पाणी सव्वाचारशे माणसांना दिवसभर पुरलं असतं. फक्त खेळपट्टी आणि तिच्या कडा, म्हणजे 60 चौरस मीटर भिजवले, तर 180 लिटर, एक ड्रमही पूर्ण लागत नाही. कबड्डीचं 13 बाय 10 मीटरचं मैदान दोन ड्रममध्ये होतं. फरक खेळात नाही, किती जागा भिजवायची या निर्णयात आहे. आणि हीच स्पर्धा नोव्हेंबर ते जानेवारीत घेतली, तर पाण्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

*प्रवास :* अंतिम सामन्याला 500 प्रेक्षक आले. 250 मोटारसायकली, जाऊन-येऊन प्रत्येकी 40 किलोमीटर. एकूण 10 हजार किलोमीटर. लिटरला 50 चा अॅव्हरेज धरला, तरी 200 लिटर पेट्रोल जळतं आणि साधारण 460 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका दिवसात!

*उजेड :* रात्रीच्या सामन्यांसाठी जनरेटर लावला, तासाला 6 लिटर डिझेल, रोज पाच तास, चार रात्री. 120 लिटर डिझेल, सव्वातीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. धूर आणि आवाज डोळ्यासमोर असतो, म्हणून जनरेटर वाईट वाटतो. पण एकट्या अंतिम सामन्याच्या मोटारसायकली चार रात्रींच्या जनरेटरला मागे टाकतात. पॅरिसमध्ये जे दिसलं, तेच इथेही दिसतं.

यावर स्वस्त उपाय आहे. सुरुवातीचे सामने एकाच मैदानावर न घेता गटवार वाटायचे. डोणगावकडच्या संघांचे डोणगावला, जानेफळकडच्यांचे जानेफळला, आणि फक्त उपांत्य-अंतिम सामने मेहकरला. संघांचा प्रवास वाचतो, प्रेक्षकांचाही, आणि गावच्या मैदानाला मान मिळतो. अंतिम सामन्याला लांबून मोठा जथा येणार असेल, तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. मालवाहू पिकअपमध्ये माणसं कोंबणं मात्र बेकायदा आणि जिवावर बेतणारं आहे, तो उपाय म्हणून कुणी धरू नये.

*कचरा :* सामना संपल्यावर मैदानावर काय उरतं? पाण्याचे पाऊच, बाटल्या, चहाचे कप, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि कडेला फाटलेलं फ्लेक्स. कागदी म्हणून घेतलेल्या कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे तो मातीत लवकर कुजत नाही. मेहकर शहर पैनगंगेच्या काठी आहे. ओढ्याकाठच्या मैदानावर राहिलेला कचरा पहिल्या मोठ्या पावसात वाहून कुठे जातो, हे कुणाला सांगायला नको. अनेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी ढीग करून काडी लावतात. प्लास्टिक, त्यातही पीव्हीसीचं फ्लेक्स जाळलं की विषारी वायू निघतात. हे काम तर मुळीच करू नये.

जुन्या दंगलीत काय होतं?

कुस्तीची दंगल बघितली, तर यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडे आधीपासून होत्या. कुस्त्या दिवसाउजेडी व्हायच्या, त्यामुळे दिव्यांचा खर्च नाही. आखाड्याची माती दरवर्षी फेकून देत नाहीत, तीच चाळून, त्यात हळद, तेल, ताक घालून पुन्हा वापरतात. प्रेक्षक गोल करून जमिनीवर बसतात, स्टेज-मंडपाचा पसारा नाही. गर्दी सांभाळण्याचा अनुभवही तालुक्याला आहे. हिवरा आश्रमला विवेकानंद जन्मोत्सवात शेतात रांगा धरून पंगत बसते आणि ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते. एवढं नियोजन ज्या तालुक्यात होतं, तिथे चार कचरापेट्या ठेवणं आणि दोन रांजण भरणं अवघड नाही.

नियम काय सांगतो?

यातल्या काही गोष्टी हौसेवर सोडलेल्या नाहीत, त्यांना नियमाचा आधार आहे.

केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असं बंधन घातलं, की परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम घ्यायचा, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं, आणि ओला-सुका कचरा जागेवरच वेगळा करून सोपवायची जबाबदारी आयोजकाची.

महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, कप, ग्लास यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून केंद्राची देशभर बंदी लागू झाली. तिच्यात 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे किंवा पीव्हीसीचे बॅनरही येतात. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. कॉमेंट्री कितीही रंगात आली, तरी.

नियम आहेत, पण ते वाचून दाखवणार कोण? ग्रामपंचायतीने मैदानाचा ना-हरकत दाखला देतानाच त्यावर चार अटी लिहिल्या, तर काम निम्मं होतं. पाणी कुठून घेणार, कचरा कोण उचलणार, आवाज कधी बंद होणार आणि मैदान कोणत्या तारखेला साफ करून परत देणार. थोडी अनामत रक्कम ठेवून मैदान साफ मिळाल्यावर ती परत करायची, हा उपाय मंगल कार्यालयवाले कधीचे वापरतात.

झाडं लावली म्हणजे फिटलं का?

2023 च्या आयपीएल प्लेऑफमध्ये क्रिकेट मंडळाने प्रत्येक निर्धाव चेंडूमागे 500 रोपं लावण्याची घोषणा केली. चार सामन्यांत 294 निर्धाव चेंडू पडले, म्हणजे 1 लाख 47 हजार रोपं. कल्पना लोकांना आवडली, टीव्हीवर चेंडूच्या जागी झाडाचं चित्र दिसलं.

आपल्याकडेही उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते रोप लावतात, फोटो निघतो. त्यात वाईट काही नाही. पण रोपाचा खरा सामना पहिल्या उन्हाळ्याशी असतो. मार्चनंतर त्याला पाणी कोण घालणार, शेळ्यांपासून कोण राखणार, हे ठरलं नसेल तर तो खड्डाच राहतो. लावलेली रोपं मोजण्यापेक्षा पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला त्यातली किती जगली ते माइकवरून सांगावं. पंचवीस लावून पंधरा जगली, तरी ती शंभर लावून विसरण्यापेक्षा बरी. आणि झाडं लावली म्हणून टँकर आणि कचरा माफ होत नाही. तो हिशेब वेगळाच राहतो.

आयोजक मंडळांसाठी थोडक्यात

- स्पर्धा शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. मार्चनंतर घ्यायचीच असेल, तर पिण्याचं पाणी मैदानाला वापरू नका.
- पूर्ण मैदान भिजवू नका. खेळपट्टी किंवा कबड्डीचं मैदान तेवढंच भिजवा.
- सुरुवातीचे सामने गटवार, जवळच्या गावात ठेवा.
- सामने दिवसा घ्या. रात्रीचे घ्यायचे तर रीतसर तात्पुरती वीजजोडणी आणि एलईडी दिवे लावा. जनरेटर फक्त अडीअडचणीला.
- पाऊच-बाटल्यांऐवजी रांजण किंवा 20 लिटरचे जार आणि स्टीलचे ग्लास. जेवणाला पळसाच्या पत्रावळी मिळतात, त्या घ्या.
- बॅनर कापडी करा आणि त्यावर साल-तारीख टाकू नका, म्हणजे पुढच्या वर्षी चालतो. फ्लेक्स आलंच, तर जाळू नका. कुटार-कडबा झाकायला ते कुणीही घेऊन जाईल.
- बक्षीस समारंभाआधी दहा मिनिटं दोन्ही संघांनी मिळून मैदान साफ करायचं, असं नियमपत्रिकेतच छापा.

यातल्या बहुतेक गोष्टींना जास्तीचा पैसा लागत नाही, उलट टँकर, डिझेल आणि फ्लेक्सचा खर्च वाचतो. लागतो तो वेळ, तोही स्पर्धेच्या आधी. 2016 मध्ये देशातल्या सर्वात श्रीमंत क्रिकेट स्पर्धेकडे पैसा होता, मैदानं होती, उपायही होता. आधी विचार तेवढा झाला नव्हता, आणि सामने राज्याबाहेर गेले. गावच्या मंडळाने प्रवेश फी ठरवायला पहिली बैठक बोलावली, की त्याच बैठकीत पाण्याचा आणि कचऱ्याचा विषयही वहीत लिहून घ्यावा.